मैदान, मंडळ आणि पाचवे शील

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या सभेत एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. - संपादक मंडळ)



मुलांनो, आत येऊन बसा. चटया रिकाम्या आहेत. आजचा विषय तुमचा आहे, हे तुम्हाला कळलेले दिसते, म्हणूनच तुम्ही दारात उभे आहात. पण तुमच्यावर आगपाखड करायला आम्ही उभे राहिलेलो नाही. आज आरोपीच्या पिंजऱ्यात आधी आम्ही उभे राहणार आहोत. तेव्हा निर्धास्त बसा.

विहार समितीने आम्हाला सांगितले की, वर्धापन दिन आहे, धम्मावर चार शब्द बोला. आम्ही म्हटले, धम्मावर बोलायला भन्तेजी आहेत. आम्ही ज्या गोष्टीत आयुष्य घालवले त्यावर बोलतो. आमचे आयुष्य गेले दोन ठिकाणी, गिरणीत आणि कबड्डीच्या मैदानात. गिरणीचा भोंगा बंद झाला. मैदान अजून आहे. आणि त्या मैदानात बाटली कशी शिरली, ती बाहेर कशी काढायची, हाही आमच्या मते धम्माचाच प्रश्न आहे.

मैदानाने आपल्याला काय दिले

पहिल्यांदा हे लक्षात घेऊ की मैदान ही आपल्यासाठी साधी करमणुकीची जागा नाही. पाळवणकर बाळू यांचे नाव आपल्यातल्या किती मुलांना माहीत आहे? चर्मकार समाजातला हा गोलंदाज. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी तिथे शंभराहून अधिक बळी घेतले. आणि त्याच बाळूंना इथे, आपल्या देशात, खेळ थांबला की चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जायचा. त्यांचे बंधू विठ्ठल पुढे १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हुकमाने अकरा जण मैदानात उभे राहिले. हे मैदानाने केले. चेंडू कोणाच्या हातातून सुटला हे विकेटला कळत नाही, बंधूंनो.

कबड्डीचे तर विचारूच नका. या खेळाला बॅट लागत नाही, बूट लागत नाही, क्लबाची वर्गणी लागत नाही. लागते ते अंग, दम आणि सात जणांचा एकमेकांवरचा भरवसा. म्हणून हा खेळ गिरणगावाच्या चाळीचाळीत रुजला. लालबाग, परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड, कुठेही जा, दोन चाळींच्या मधल्या मातीत रेघा आखलेल्या दिसायच्या. खेळाच्या जोरावर आपली पोरे रेल्वेत लागली, पोलिसात लागली, बँकेत लागली. आजही राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ज्याच्या घरात शिफारस करणारा मामा नाही, त्याच्यासाठी मैदान हाच मामा आहे.

म्हणून मैदानात जे नासते ते नुसता खेळ नासत नाही. घराचे भविष्य नासते.

बाटली मैदानात कशी आली

आता आरोपीची जबानी ऐका.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांची पोरे. संपाच्या आधी काय कोणी पीत नव्हते असे नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर गर्दी असायचीच. पण संपानंतर पिण्याला वेळकाळ राहिला नाही. दिवसभर हाताला काम नाही, खिशात पैसा नाही, घरात तोंड दाखवायची लाज. मग मैदानाच्या कडेला बसून पोरांचा सराव बघायचा आणि अंधार पडला की हातभट्टी. आमचे वडील त्यातलेच एक. आम्ही चढाई करून परत फिरलो की वडील टाळ्या वाजवायचे, आणि त्या टाळ्यांबरोबर वास यायचा. लहानपणी आम्हाला वाटायचे, कबड्डीच्या मैदानाचा वास असाच असतो.

पुढे आम्ही मोठे झालो, बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, मंडळाच्या संघात आलो. आमच्या संघाने पहिली ढाल जिंकली त्या रात्री आमच्या एका ज्येष्ठ खेळाडूने ती पालथी केली, खोलगट बाजूत बिअर ओतली आणि सगळ्यांना घोट घोट पाजली. जो पीत नव्हता त्याला म्हणाला, "संघात आहेस ना? मग घे." आम्ही घेतला. तो आमचा पहिला घोट. आम्हाला दारूची चव लागली म्हणून घेतला नाही, संघातून बाहेर पडायचे नव्हते म्हणून घेतला. आणि पंधरा वर्षांनी आम्ही ज्येष्ठ झालो तेव्हा तीच रीत आम्ही चालवली. चषक आला की आम्हीच ओतायचो. आम्हीच म्हणायचो, "संघात आहेस ना?"

बघा, कोणी दुकानदार बाटली घेऊन मैदानात आला नव्हता. आम्ही प्रेमाने नेली. जिंकलो म्हणून बसायचे, हरलो म्हणून बसायचे, कोणाचा वाढदिवस म्हणून बसायचे, कोणाची नोकरी लागली म्हणून बसायचे. एकदा अकरा हजारांचे बक्षीस मिळाले. दुसऱ्या दिवशी खजिनदाराने हिशेब मांडला तेव्हा दोन हजार उरले होते. बाकीचे एका रात्रीत बार आणि चखण्यात गेले. त्याच महिन्यात आमच्या एका खेळाडूला गुडघ्याच्या पट्ट्यासाठी मंडळाने पैसे नाहीत म्हणून सांगितले होते.

ती रात्र

२०१६ च्या डिसेंबरात रायगड बाजूला स्पर्धा होती. उपांत्य सामना जिंकलो, अंतिम हरलो, पण दुसऱ्या क्रमांकाचा चषक मिळाला. सामना संपायला रात्रीचे अकरा वाजले. सकाळच्या वडापाववर खेळलेली पोरे. जेवणाची सोय आयोजकांनी केली नव्हती आणि आम्हीही केली नव्हती. उघडा होता तो फक्त रस्त्यावरचा एक बार. तिथे बसलो. चषक मधे ठेवला. ओतणारा हात आमचा होता.

आमच्या संघात एक मुलगा डाव्या कोपऱ्यात खेळायचा. नाव सांगत नाही. त्याच्या परवानगीने एवढेच सांगतो की तसा कोपरा आम्ही पुन्हा पाहिला नाही. त्याने घोटा धरला की चढाईपटू जागचा हलायचा नाही. राज्याच्या निवड चाचणीत त्याचे नाव होते. तो दारूला शिवत नसे. त्याने त्या रात्री नुसते अंडे आणि पाव खाल्ला. घरी लवकर पोहोचायचे होते, सकाळी आईला दवाखान्यात न्यायचे होते. म्हणून तो एका मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला. मित्र प्यायलेला होता. आम्ही पाहत होतो. आम्ही दोघांना हात हलवून निरोप दिला.

पेणच्या अलीकडे गाडी दुभाजकावर गेली. चालवणारा खरचटून सुटला. मागे बसलेल्याच्या डाव्या पायात आज रॉड आहे. त्याची चाचणी गेली, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी गेली. प्यायले दुसरेच, पाय गेला न पिणाऱ्याचा. म्हणून कोणी म्हणेल की "मी माझ्या पैशाची पितो, तुमचे काय जाते", तर त्याने त्या मुलाचा डावा पाय बघावा.

आणि खोटे बोलायचे नाही म्हणून हेही सांगतो. त्या रात्रीनंतरही आम्ही चार महिने पीत होतो. उलट जास्त. दवाखान्यात त्याला भेटायला जायचे धैर्य यावे म्हणून पिऊन जायचो. एक दिवस त्याच्या आईने आम्हाला वॉर्डाच्या दारातच थांबवले आणि म्हणाली, "दादा, तोंडाला वास येतोय. आज नका भेटू." त्या दिवसापासून घेतलेली नाही.

पिण्याचा हिशेब

आम्ही शिकलेले कमी. पण जे कळत नाही ते विचारून, वाचून घ्यायची सवय बाबासाहेबांच्या चळवळीने लावली. म्हणून दारूचाही हिशेब शिकलो. तो साधा आहे.

मुले म्हणतात, "आम्ही दारू पीत नाही, नुसती बिअर पितो." ठीक आहे, बाटलीवरचे आकडे वाचा. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते. त्याचा ३० मिलीचा लहान पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. आता ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्क्यांची, तिच्यात साधारण ४० ग्रॅम. म्हणजे एक बाटली म्हणजे चार पेग. दोन बाटल्या रिचवल्या की क्वार्टरच्या पुढे गेलात, आणि वर म्हणता की दारू पीत नाही!

आपले यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण एका लहान पेगाच्या वेगाने जाळते. लिंबू पिळा, थंड पाण्याने डोके धुवा, कडक चहा घ्या, हा वेग वाढत नाही. रात्री बाराला क्वार्टर संपवली तर पहाटे सहापर्यंत ती अंगात असते. आणि तुम्ही एक वाजता गाडीला किक मारता. कायद्याने रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमच्या वर सापडली तर गुन्हा. २०१९ पासून पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलिसात भरती व्हायची स्वप्ने बघणाऱ्या पोराने हे लक्षात ठेवावे.

आता खेळाचे. सामन्यात घाम जाऊन अंगातले पाणी कमी झालेले असते. दारूने लघवी वाढते, उरलेले पाणीही जाते. ताणलेल्या स्नायूची झीज भरून यायची असते ती रात्रीच्या झोपेत, आणि दारूची झोप ही झोप नव्हे, नुसती शुद्ध हरपणे आहे. मुका मार बसलेला असेल तर सूज वाढते आणि दुखणे कळत नाही, म्हणून पोरगा त्याच घोट्यावर नाचतो. सकाळी सरावाला येतो तेव्हा चढाईत दम पुरत नाही, मग प्रशिक्षकाला वाटते पोरगा आळशी झाला.

शिवाय हा फक्त दंग्याधोप्याचा प्रश्न नाही. दारूने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. २०२३ साली त्या संघटनेने स्पष्ट सांगितले की प्रकृतीला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. आणि स्वस्तातली भट्टीची तर गोष्टच नको. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मेलेले बहुतेक आपल्यासारखेच, हातावर पोट असलेले.

पाचवे शील काय सांगते

आपण दर पौर्णिमेला आणि प्रत्येक मंगल प्रसंगी पंचशील ग्रहण करतो. त्यातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतली सतरावी दारू न पिण्याची. आपले वाडवडील त्या दिवशी नुसता धर्म बदलून आले नाहीत, राहणी बदलून आले. तेव्हाच्या किती बायांनी घरातले मडके फोडले, हे आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेले आहे. आणि आज जयंतीच्या मिरवणुकीत काही जण पिऊन नाचतात. निळा झेंडा हातात आणि पाय जमिनीवर ठरत नाहीत. यावर जास्त बोलत नाही, तुम्ही पाहता आहात.

भगवंतांनी शृगालाला, म्हणजे गृहस्थाच्या मुलाला, जो उपदेश केला तो दीघनिकायात आहे. त्यात मद्याचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आमच्या मंडळाच्या जमाखर्चाशी ताडून बघितली. एकही कलम चुकलेले नाही.

पण आता एक अडचण सांगतो, कारण समितीत यावर वाद झाला. आम्ही म्हटले की मंडळातल्या मुलांचे पिणे कमी करू, पिऊन गाडी चालवणे बंद करू, उपाशीपोटी पिणे बंद करू. तेव्हा एक ज्येष्ठ उपासक रागावले. म्हणाले, "शील म्हणजे शील. कमी प्या, जपून प्या, ही भाषा विहारात कशाला? उद्या म्हणाल की थोडी चोरी करा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. शिलात सूट नाही, आणि आम्हीही सूट मागत नाही.

परंतु त्याच उपदेशात पुढे मित्रांची लक्षणे सांगितली आहेत. पिण्यापुरता जो जवळ येतो तो मित्र नव्हे, हे सांगितले आहे. आणि खरा मित्र कोण? तुम्ही प्रमादात असताना जो तुमचे रक्षण करतो आणि तुमच्या चीजवस्तूचेही रक्षण करतो, तो. पाचव्या शिलातला 'पमाद' आणि हा प्रमाद एकच शब्द आहे, हे भन्तेजींनी आम्हाला समजावून दिले. म्हणजे शील आपण स्वतःसाठी घ्यायचे. आणि दुसऱ्याचे शील मोडले तर त्याला रस्त्यावर टाकून द्यायचे नाही, त्याला घरी पोहोचवायचे. त्या रात्री पेणच्या रस्त्यावर आम्ही पाचवे शील तर मोडलेच होते, पण मित्राचे कर्तव्यही मोडले. आमच्या मनाला दुसरी गोष्ट जास्त लागते.

आधी काय चुकले

अपघातानंतर २०१७ साली मंडळाने ठराव केला, जो पिईल त्याचे नाव कमी. जोरात टाळ्या पडल्या. पहिल्याच महिन्यात एका मुलाचे नाव कमी झाले. काय झाले? संध्याकाळी दोन तास जो मैदानात असायचा तो तेही दोन तास नाक्यावर बसू लागला. बाकीचे शहाणे झाले, म्हणजे लपून प्यायला लागले. पूर्वी मंडळाच्या खोलीमागे पीत, आता चाळीच्या गच्चीवर. ठराव भिंतीवर राहिला आणि पिणे चालू राहिले. त्या मुलाला आम्ही गमावले ते गमावलेच.

पुढे टाळेबंदीत सगळे बंद असताना वाचनालयात शिकणाऱ्या एका मुलीने आम्हाला ऑस्ट्रेलियातली गोष्ट वाचून दाखवली. तिथे गावोगावी फुटबॉलचे, क्रिकेटचे क्लब असतात आणि क्लबाचा स्वतःचाच बार असतो. बारच्या गल्ल्यावर क्लब चालतो. म्हणजे पोरे जितकी पितील तितका क्लब श्रीमंत! तिथे २००० साली 'गुड स्पोर्ट्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी कोणाला हाकलले नाही, क्लबाची रीत बदलली. नियम लिहून काढायचे, बक्षीस म्हणून दारू द्यायची नाही, स्वस्तातली दारू वाटायची नाही, जेवण ठेवायचे, घरी जायची सोय करायची, पैसे उभे करायला दुसरे मार्ग काढायचे. पुढे ८८ फुटबॉल क्लबांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. जिथे हे राबवले तिथे क्लबात धोकादायक पिणारे १९ टक्के, जिथे नाही तिथे २४ टक्के. आकडा फार मोठा नाही. पण शंभरात पाच, म्हणजे आपल्यासारख्या मंडळात तीन-चार पोरे. तीन-चार घरे.

आपले आणि त्यांचे सारखे नाही. आपल्या मंडळाला बार नाही आणि असूही नये. पण एक गोष्ट डोक्यात बसली. माणसाला शिक्षा करण्याआधी जागेची रीत बदला.

सहा नियम

२०२२ साली मंडळाने नवे नियम केले. मुलांनी स्वतः बसून केले, आम्ही फक्त लिहून घेतले.

१. मंडळाची खोली, मैदान आणि मंडळाची गाडी इथे दारू येणार नाही. अंगात मंडळाची जर्सी असताना कोणी बारमध्ये जाणार नाही.

२. बक्षिसाची रक्कम त्या रात्री कोणाच्या हातात पडणार नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत, आणि पहिला खर्च दुखापतींवर.

३. सामना संपल्यापासून अर्ध्या तासात जेवण. भात-रस्सा असो की अंडाभुर्जी-पाव असो, डबे सोबत न्यायचे. स्वयंपाकाची पाळी मुलांचीच. आईबहिणींवर हे ओझे टाकायचे नाही.

४. बाहेरगावी जाताना एकच गाडी. चालवणारा न पिणारा. मोटारसायकली घरी ठेवायच्या, किल्ल्या खजिनदाराकडे.

५. चषकात पाणीसुद्धा ओतायचे नाही. आणि लहान गटातल्या मुलांसमोर कोणी ज्येष्ठ पिऊन येणार नाही, मग तो संस्थापक सदस्य असला तरी. कायद्यानेसुद्धा आपल्या राज्यात बिअरला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षे वय पुरे लागते.

६. पिऊन आलेल्याला खेळवायचे नाही, पण हाकलायचेही नाही. दोघांनी घरी पोहोचवायचे आणि दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत असताना, त्याच्याशी बोलायचे.

हे केल्यावर सगळे सुधारले असे आम्ही सांगणार नाही. पहिल्या हंगामात चार चांगले खेळाडू दुसऱ्या संघात गेले. दुसऱ्याच फेरीत हरलो. समोरचे लोक ओरडायचे, "आले भिक्खू संघाचे!" आमची मुले हसून म्हणायची, "जयभीम!" चारांतले दोन परत आले. अजूनही थर्टी फर्स्टला कोण कुठे बसतो हे आम्हाला माहीत आहे. पण तीन वर्षांत मंडळाच्या नावावर एकही रात्रीचा अपघात नाही आणि बक्षिसाचा प्रत्येक पैसा वहीत आहे. सर्वात जास्त काम कोणत्या नियमाने केले म्हणाल, तर तिसऱ्या. जेवणाच्या. आम्हाला वाटायचे पोरे दारूसाठी बारमध्ये जातात. निम्मी पोरे भुकेसाठी जात होती.

ज्याला सुटत नाही त्याच्यासाठी

एक इशारा मात्र माता-भगिनींना मुद्दाम देतो. जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. अशा माणसाची दारू अचानक तुटली तर हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरकडे न्या. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांत तर पैसा आणि नावही विचारत नाहीत. व्यसन हा आजार आहे. आजाऱ्याला शिव्या देऊन ताप उतरत नाही.

आता आजचा प्रश्न

हे सगळे आज का सांगितले, ते शेवटी सांगतो.

यंदा मंडळाची स्पर्धा आहे. मॅट भाड्याने आणायचे, दिवे, पंचांचे मानधन, बक्षिसे, सगळे मिळून पन्नास हजारांच्या वर खर्च. एका बारमालकाने एक्कावन्न हजार देऊ केले आहेत. अट एकच, प्रवेशद्वारावर त्याच्या बारचा फलक आणि चषकावर नाव. माणूस वाईट नाही. वस्तीत कोणी आजारी पडले तर रिक्षाचे पैसे देतो. मंडळातली काही मुले म्हणतात, "दादा, पैशाला वास नसतो." बाळांनो, असतो. आम्हाला तो वॉर्डाच्या दारात आला होता.

मोठमोठ्या कंपन्या सोड्याच्या आणि पाण्याच्या नावाने दारूची जाहिरात करतात. त्या काय खेळावरच्या प्रेमापोटी करतात? आठ वर्षांचे पोर फलकाखालून रोज आत शिरते, आणि त्याच्या डोक्यात खेळ आणि बार ही जोडी पक्की होते. आमच्या डोक्यात ती वासाने पक्की झाली होती, याच्या डोक्यात अक्षरांनी होईल. एवढाच फरक.

आपल्या वस्तीत सव्वादोनशे घरे आहेत. घरटी अडीचशे रुपये दिले तर ५६ हजार २५० होतात. बारमालकाच्या रकमेपेक्षा जास्त. अडीचशे रुपये म्हणजे किती, हे ज्या घरात कोणी पितो त्या घराला आम्ही सांगायला नको. येत्या रविवारी मंडळाची सभा आहे. फलक लावायचा की नाही ते तिथे ठरेल. आम्ही ज्येष्ठांनी मत द्यायचे नाही असे ठरवले आहे, कारण आमचा मताचा हक्क त्या रात्री पेणच्या रस्त्यावर गेला. मत मुलांनी द्यायचे आहे. पण वर्गणीची वही आज इथे, बुद्धमूर्तीच्या उजव्या बाजूच्या टेबलावर ठेवली आहे. मुलांच्या हातात सभेच्या आधी ती भरलेली वही पडली, तर त्यांना निर्णय घेणे सोपे जाईल.

वहीजवळ जो बसला आहे, काठी टेकून, तो आपल्या मंडळाचा डावा कोपरा. आता तो लहान गटाला पकड शिकवतो. त्याने आम्हाला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पावती तोच फाडून देईल.